देवपूजेचे साहित्य, बागेतील कीड आणि मधमाशी
(व्याख्यानाची संहिता)



देवाच्या पंचामृतात मध असतो, एवढाच मधमाशीचा व देवकार्याचा संबंध सामान्यतः ध्यानी येतो. वस्तुतः तो याहून पुष्कळ निकटचा आहे. भाद्रपद शुद्ध चतुर्थीस गोमंतकात घरोघरी गणपतीच्या वर जी माटोळी बांधली जाते, तिच्यातील काकडी, चिबूड, दोडके, कोहळा, कारली ही फळे वेलीवर आपोआप धरत नाहीत. नरफुलातील पराग एखाद्या कीटकाने मादीफुलावर नेला तरच ती धरतात. माटोळीतील सगळ्याच फळांचे श्रेय मधमाशीला देणे मात्र अतिशयोक्तीचे होईल. केळीला परागाची गरज नसते. सुपारीचे काम प्रामुख्याने वारा करतो. माडाचे काम वारा आणि कीटक मिळून करतात. परंतु वेलवर्गातील फळे कीटकांवाचून अडतात आणि त्या कीटकांत मधमाशीचा वाटा मोठा आहे.

याच वेलींवर, याच दिवसांत कीड पडते. पावसाळी मळ्यात फळमाशी, लाल भुंगेरे, मावा यांचा उपद्रव होतो आणि बागाईतदार औषधाचा पंप खांद्यावर घेतो. त्याचे नुकसान खरे असते. त्याला दोष देऊन प्रश्न सुटत नाही. कीड आवरावी आणि मधमाशी वाचावी, ही दोन्ही कामे एकत्र साधतात काय, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. ती साधतात, मात्र त्यासाठी कोणते औषध वापरावे याआधी ते केव्हा, कोठे आणि कोणत्या उपायानंतर वापरावे, हे ठरवावे लागते.

कुळागरातील मधमाश्या

गोमंतकाच्या कुळागरांत मधमाश्यांच्या चार जाती प्रामुख्याने आढळतात. उंच वृक्षाला मोठे उघडे पोळे लटकवणारी आग्या माशी. झुडपाच्या फांदीवर लहानसे एकच पोळे बांधणारी फुलोरी. झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत किंवा जुन्या वारुळात अनेक समांतर पोळी बांधणारी सातेरी. आणि भिंतीच्या भेगेत राहणारी, डंख नसलेली इवलीशी माशी. वारुळाच्या रूपाने पुजल्या जाणाऱ्या सातेरी देवीचे आणि या माशीचे नाव एकच असावे, हा योगायोग गोमंतकीय मनाला सुखावणारा आहे.

यांखेरीज पोळे न बांधता एकेकट्या राहणाऱ्या माश्या आहेत, त्यांची ओळख फार थोड्यांना असते. वांग्याच्या फुलातील पराग नळीसारख्या पुंकेसरात बंद असतो. निळ्या पट्ट्यांची एकलकोंडी माशी किंवा मोठा काळा भुंगा ते फूल पकडून अंगाचा कंप करतो आणि पराग झाडून काढतो. सातेरीला ही विद्या येत नाही. आगशीच्या वांग्याचे फूल भरघोस फळायचे तर मळ्याच्या बांधात, मातीच्या भिंतीत बीळ करून राहणारी ही माशी जिवंत राहिली पाहिजे. म्हणून मुंग्या मारण्यासाठी बांधावर विषारी भुकटी पसरणे हेही परागीभवनावरच घाव घालणे होय.

विष मधमाशीपर्यंत कसे पोहोचते

विष मधमाशीपर्यंत चार मार्गांनी पोहोचते. पहिला मार्ग उघड आहे: फुलावर बसलेल्या माशीवर फवारा पडतो. दुसरा मार्ग भुकटीचा. मधमाशीच्या अंगावर पराग गोळा करण्यासाठी बारीक लव असते. भुकटीचे कण त्या लवेत परागासारखेच अडकतात. माशी ते पोळ्यात नेते आणि पिलांचे अन्न विषारी होते. ज्या कार्बारिलची भुकटी एके काळी सर्रास वापरली जाई, त्यावर भारतात २०१८ मध्ये बंदी आली.

तिसरा मार्ग सर्वांत फसवा आहे. इमिडाक्लोप्रिडसारखी काही औषधे झाडाच्या रसात भिनतात. मुळाशी ओतलेले किंवा पानावर फवारलेले औषध पुढे उमलणाऱ्या फुलाच्या मकरंदात व परागात उतरते. फवारणीच्या वेळी झाडावर एकही फूल नव्हते, हे समाधान येथे कामाचे नाही. याच कारणास्तव युरोपीय संघाने इमिडाक्लोप्रिडसह या वर्गातील तीन औषधांचा उघड्या शेतातील वापर २०१८ मध्ये बंद केला. चौथा मार्ग पाण्याचा. मधमाश्या पाणी पिण्यासाठी ओलसर काठावर उतरतात. देवस्थानाच्या तळीवर किंवा बागेच्या पाटात पंप धुतला तर विष तेथूनही पोळ्यात जाते, आणि तळीतील माशांनाही बाधते.

यात एक करुण गोष्ट अशी की, मधमाशीचा सद्गुणच तिच्या समाजाला मारक ठरतो. उत्तम फुलोरा सापडलेली माशी पोळ्यात येऊन नृत्याच्या द्वारे त्याची दिशा व अंतर इतरांना कळवते. या नृत्यभाषेचा उलगडा कार्ल फॉन फ्रिश यांनी केला आणि १९७३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. विषारी फुलोऱ्यावरून जिवंत परतलेली माशीही त्याच नृत्याने आपल्या बहिणींना त्याच विषाकडे धाडते.

विषाचा परिणाम केवळ माशीवर होऊन थांबत नाही. गोमंतकाप्रमाणेच काजू पिकवणाऱ्या केरळमधील कासरगोड जिल्ह्यात काजूच्या ढेकण्यासाठी अनेक वर्षे एंडोसल्फानची हवेतून फवारणी झाली. त्या परिसरातील लोकांच्या, विशेषतः बालकांच्या व्याधींचा प्रश्न देशभर गाजला आणि मे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फानचे उत्पादन व विक्री थांबवण्याचा आदेश दिला. कोकणपट्टीवरील बागाईतदाराने हे उदाहरण विसरू नये.

हाताने व युक्तीने करावयाचे उपाय

कीड दिसताच औषध शोधण्याची सवय अलीकडची आहे. बहुतेक घरगुती बागांत निम्मे काम हात, राख आणि नजर यांनी होते.

वेलीच्या रोपांवर येणारा लाल भुंगेरा पहाटेच्या गारव्यात सुस्त असतो. त्या वेळी तो हाताने टिपून साबणाच्या पाण्यात टाकता येतो. कोवळ्या रोपांवर चुलीची चाळलेली राख भुरभुरण्याची जुनी रीतही उपयुक्त आहे. फुले येण्यापूर्वीच हे करावयाचे असल्याने मधमाशीला त्याचा उपसर्ग नाही. वांग्याचा शेंडा अचानक मान टाकतो तेव्हा आत अळी असते. तो शेंडा अळीसह खुडून नष्ट केला, आणि हे काम दर आठवड्यास न चुकता केले, तर पुढची पिढी पुष्कळ कमी होते. लिंबाच्या व कढीलिंबाच्या पानांवरील अळ्या वेचून काढता येतात. भेंडीची पाने पिवळ्या जाळीने भरली तर ते झाड उपटावे. तो रोग पांढरी माशी पसरवते आणि रोगट झाड औषधाने बरे होत नाही.

काकडीवर्गातील फळमाशी कोवळ्या फळात अंडी घालते. अळी फळाच्या आत असल्याने वरून मारलेला फवारा तिला लागत नाही. तो लागतो फुलावरील मधमाशीला. म्हणून येथे उपाय वेगळा हवा. डंखलेली, गळलेली फळे रोज गोळा करून खोल पुरावी अथवा पाण्याच्या बंद भांड्यात कुजवावी; झाडाखाली पडू देऊ नये, कारण अळी फळातून निघून मातीतच कोश करते. फळ धरल्यावर त्याला कागदाची पिशवी बांधावी. तेवढ्यावर भागले नाही तर गंधाचा सापळा लावावा.

या सापळ्यांचा इतिहास मनोरंजक आहे. बिहारातील पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत हॉवलेट नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने १९१२ ते १९१५ च्या सुमारास असे दाखवून दिले की, काही सुगंधी तेलांकडे फळमाशीचे नर ओढले जातात आणि त्या ओढीचे मूळ मिथाइल युजेनॉल या द्रव्यात आहे. हेच द्रव्य तुळशीतही असते. आंब्यावरील फळमाशीचे नर तुळशीच्या कुस्करलेल्या पानांभोवती जमतात ते यामुळेच. आंबा, पेरू यांच्या बागेत मिथाइल युजेनॉलचे सापळे चालतात. काकडीवरील फळमाशी मात्र या गंधाला भुलत नाही, तिच्यासाठी क्यू-ल्यूर नावाचे वेगळे आमिष मिळते. एकाच्या जागी दुसरे वापरून ‘सापळे निरुपयोगी’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आढळतात. पिवळे चिकट सापळे लावावयाचे तर ते फुलांपासून दूर ठेवावे. पिवळा रंग मधमाशीलाही बोलावतो.

माडावरील गेंडा भुंग्यासाठी फुलोऱ्यावर काही फवारण्याची गरजच नाही. जाणता पाडेली आकड्याने भुंगा काढतो. शेंड्याजवळच्या पानांच्या बेचक्यात निंबोळी पेंड व वाळू प्रत्येकी २५० ग्रॅम मिसळून वर्षातून तीनदा भरली की नव्या भुंग्याला अटकाव होतो. त्याची अळी शेणखताच्या खड्ड्यात वाढते. खड्डा उपसून अळ्या वेचणे हा मूळावरचा उपाय होय.

मित्रकीटकांना अवसर

मावा दिसला की त्याच्या मागोमाग ठिपक्यांचे ढालकिडे येतात. त्यांची अळी दिसायला किडीसारखीच ओबडधोबड असते आणि अजाणतेपणी मारली जाते. वास्तविक तीच माव्याचा फडशा पाडते. मावा व पिठ्या ढेकूण यांच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्यांची राखण करतात. खोडाला चिकट पट्टी बांधून मुंग्यांची वाट अडवली की ढालकिड्यांचे काम सुकर होते.

मित्रकीटकाचे सामर्थ्य किती असते याचे एक अलीकडचे उदाहरण आहे. २००८ मध्ये कोईमतूरकडे पपईवर एक परदेशी पिठ्या ढेकूण आढळला. मूळचा मेक्सिको व मध्य अमेरिकेकडील हा कीटक पाहता पाहता पपईवरून तुतीवर, कपाशीवर आणि जास्वंदीवरही पसरला. अंगावरच्या मेणचट आवरणामुळे औषधांचा त्याच्यावर प्रभाव पडेना. २०१० मध्ये त्याचा नैसर्गिक शत्रू असलेली एक सूक्ष्म गांधीलमाशी पोर्तोरिकोहून आणून बागांत सोडण्यात आली, आणि जेथे फवारणी थांबवली गेली तेथे तिने अल्पावधीत त्या किडीला आवर घातला. तिला मारणारा फवारा चालू असता तर हे घडले नसते.

फवारणी करावीच लागली तर

हे सर्व करूनही कधी फवारणी अटळ होते. तेव्हा प्रथम साधे पाणी, मग साबण, मग निंबोळी, असा क्रम असावा. माव्यावर पाण्याचा जोरकस झोत पुष्कळदा पुरतो. सौम्य साबण लिटरभर पाण्यात सुमारे ५ ग्रॅम विरघळवून पानांच्या खालच्या बाजूस फवारला तर मावा व पिठ्या ढेकूण मरतात. तो अंगास लागला तरच मारतो, वाळल्यावर त्याचा विषार उरत नाही. आधी दोन-चार पानांवर तो लावून पाहावा; काही झाडांची पाने त्याने करपतात.

निंबोळीच्या गुणाचा शास्त्रीय पुरावा भारतातच मिळाला. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील डॉ. प्रधान व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये असे प्रसिद्ध केले की, निंबोळीच्या गराचे सौम्य पाणी फवारलेले पीक टोळधाड खात नाही. निंबोळी किडीची भूक व वाढ रोखते; पान न खाणाऱ्या मधमाशीला ती तुलनेने सौम्य असते. वाळलेल्या निंबोळीचा गर ५० ग्रॅम कुटून रात्रभर भिजवावा, सकाळी गाळून त्याचे एक लिटर पाणी करावे, चिमूटभर साबण मिसळावा आणि त्याच सायंकाळी वापरावे. पाने खाणाऱ्या अळ्यांसाठी बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूची भुकटी पाण्यात मिसळून फवारता येते. ती मधमाशीस अपाय करीत नाही.

आता वेळेचा विचार. काकडी, भोपळा, कारली, घोसाळी यांची फुले पहाटे ते सकाळी उमलतात, आणि माश्यांची वर्दळही सकाळीच असते. म्हणून सकाळची फवारणी, जी सोयीची म्हणून सर्वत्र केली जाते, तीच सर्वांत घातक होय. दिवस मावळल्यावर सातेरी, फुलोरी व डंखहीन माशी घरी परततात. तेव्हा फवारावे, म्हणजे सकाळपर्यंत ते वाळते. मात्र दोडका व दुधी यांची फुले सायंकाळी उमलतात आणि त्यांवर पतंग व माश्या तेव्हाच येतात. या दोन वेलींच्या फुलांवर सायंकाळीही फवारा पडता कामा नये. पानांची खालची बाजू तेवढी भिजवावी. आणि आग्या माशी चांदण्या रात्रीही फुलांवर जाते, हेही ध्यानात असावे. एकूण सूत्र असे की, घड्याळाआधी फूल पाहावे.

सुपारीच्या कोळेरोगासाठी पावसाच्या तोंडावर मारले जाणारे बोर्डो मिश्रण हे कीटकनाशक नव्हे, बुरशीनाशक आहे. त्याची आवश्यकता निर्विवाद आहे. तथापि सुपारीच्या ताज्या फुलोऱ्यावर परागासाठी माश्या येतात. म्हणून फवारा घडांवर धरावा, आणि त्यात ‘हात फिरतोच आहे तर’ म्हणून कीटकनाशक मिसळू नये.

दोन गैरसमज

पहिला गैरसमज डब्यावरील त्रिकोणाचा. भारतात कीटकनाशकाच्या वेष्टनावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग असतो. तो १९६८ च्या कायद्याखाली केलेल्या नियमांनुसार असतो आणि माणसासारख्या सस्तन प्राण्यास ते औषध किती घातक आहे एवढेच सांगतो. हिरवा रंग मधमाशीची हमी देत नाही. त्यासाठी डब्यातील माहितीपत्रक वाचावे लागते.

दुसरा गैरसमज असा की, वनस्पतीपासून वा जिवाणूपासून केलेले औषध निर्धोकच असते. तंबाखूचा काढा घरगुती म्हणून सुचवला जातो. त्यातील निकोटिन मधमाशीला मारते आणि हाताळणाऱ्यालाही बाधते. शेवंतीवर्गातील फुलांपासून काढलेले पायरेथ्रम मधमाशीला घातक आहे. मातीतील जिवाणूपासून मिळणारे स्पिनोसॅड ओले असेपर्यंत मधमाशीला मारक असते. ‘सेंद्रिय’ हा शब्द वाचून सकाळी फुलावर पंप चालवणे योग्य नव्हे.

महाजनांनी ठरवावयाचे

एका घराने हे सारे पाळले आणि शेजारच्या बागेत सकाळी नऊला विषारी फवारा झाला, तर त्या घराची मधमाशी वाचत नाही. सातेरी पोळ्यापासून सुमारे एक-दीड किलोमीटरपर्यंत फिरते. तिला कुंपण ठाऊक नाही. म्हणून हा प्रश्न एकेका घराचा नसून वाड्याचा व देवस्थानाचा आहे, आणि महाजन मंडळाला यात अन्य कोणाहूनही अधिक करता येण्याजोगे आहे.

देवस्थानाची बागाईत जेव्हा वर्षभराच्या कराराने दिली जाते, तेव्हा घेणाऱ्याचे लक्ष स्वाभाविकपणे त्याच वर्षाच्या उत्पन्नावर असते. पुढल्या वर्षी फुले फळतील की नाही, ही चिंता त्याची नसते. ती चिंता ज्यांची आहे, त्यांनीच ती करारात लिहिली पाहिजे. फुलोऱ्यावर फवारणी नाही. झाडाच्या रसात भिनणारे औषध व विषारी भुकटी देवस्थानाच्या जमिनीत नाही. तळी व विहिरीपाशी पंप धुणे नाही, ही तीन कलमे पुरेशी आहेत. त्याबरोबर सापळे व निंबोळी पेंड यांचा खर्च देवस्थानाने उचलावा, म्हणजे अटीचा भार एकट्या कष्टकऱ्यावर पडणार नाही. कराराची मुदत वाढवता आली तर अधिकच बरे. तीन-चार वर्षे बाग ज्याच्या हाती असते तो मधमाशीला आपली समजतो.

हार-फुले पुरवणाऱ्यांशीही हेच बोलणे व्हावे. म्हार्दोळला म्हाळसेची जायांची पूजा प्रसिद्ध आहे. जाईची कळी उमलण्यापूर्वीच खुडली जाते, तेव्हा तिच्यावर मारलेले विष धुऊन जाण्यास अवसरच मिळत नाही. देवाला वाहिलेले फूल भक्त प्रसाद म्हणून मस्तकी धरतो, तुळशीचे पान तीर्थासह मुखात घालतो. तेथे विष नको, हे सांगावयास शास्त्रवचनाची गरज नाही.

राहिल्या तीन लहान गोष्टी. वृंदावनातील तुळशीच्या सर्व मंजिऱ्या एकदम न खुडता काही राखाव्या. त्यांवर माश्यांचे पोट भरते. बागेच्या कोपऱ्यात वाळलेल्या बांबूचे तुकडे व न खणलेली थोडी जमीन राहू द्यावी. एकलकोंड्या माश्यांना तेवढे घर पुरते. आणि जत्रेपूर्वी देवळाजवळच्या वृक्षावर आग्या माशीचे पोळे दिसले तर ते जाळू नये. ही माशी ऋतुमानानुसार स्थलांतर करते, पोळे बहुधा आपणहून सोडून जाते. गर्दीस धोका वाटत असेल तर त्या भागात वावर बंद करावा अथवा जाणकार माणसाकडून रात्री पोळे हलवावे.

देवस्थानची बागाईत पूर्वजांनी लावली ती नित्यपूजेला फळ-फूल कमी पडू नये म्हणून. त्यांनी माड लावले, पोफळी लावल्या, पाट काढले. मधमाशी त्यांना लावावी लागली नाही. ती आपणहून आली आणि राहिली. ती पुढेही राहावी यासाठी वार्षिक सभेत एक ठराव आणि करारपत्रात तीन ओळी, एवढेच महाजनांकडून अपेक्षित आहे.